सँडोची सगळी सामग्री सोडून औंधच्या राजाने सूर्यनमस्कार का धरले?

रथसप्तमी आली की शाळेत एक ठरलेला कार्यक्रम असायचा. सकाळी सकाळी सगळ्यांना मैदानावर रांगेत उभं करायचे, पीटीचे सर शिट्टी वाजवायचे आणि सामूहिक सूर्यनमस्कार सुरू व्हायचे. आम्ही म्हसवडची पोरं. माणदेशातली ती थंडी, खाली खडे आणि पोटात काही नाही. पाचव्या नमस्काराला मागच्या रांगेतले निम्मे जण नुसतेच वाकल्यासारखं करायचे, त्यात मीही होतो.

तेव्हा वाटायचं, हे सगळं हजारो वर्षं असंच चालत आलं असणार. रांगा, आकडे, शिट्टी सगळं. नंतर कळलं की सूर्यनमस्कार जुने आहेत हे खरं, समर्थ रामदासांच्या काळापासून आपल्या भागात त्यांची परंपरा सांगितली जाते. पण शाळेच्या मैदानावर पोरा-पोरींना रांगेत उभं करून, मोजून-मापून रोज घालायचा व्यायाम म्हणून ते ज्या माणसाने उभे केले, तो आमच्यापासून फार लांबचा नव्हता. म्हसवडहून दहिवडी, वडूज करत गेलं की औंध लागतं. दुसऱ्या बाजूला आटपाडीकडे गेलात तरी तुम्ही त्याच्याच मुलखात पोहोचता.

त्यांचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणायचे, आणि खेड्यापाड्यात पंतसरकार.

त्यांची गोष्ट आज सांगायचं कारण म्हणजे सध्या आपण जे रोज ऐकतो, की मन आणि सवयी यांचा शरीराच्या आजारांशी थेट संबंध असतो, ते या माणसाने शंभर वर्षांपूर्वी एका अख्ख्या संस्थानात राबवून बघितलं होतं. त्यात त्यांना काही गोष्टी फार लवकर कळल्या. आणि एके ठिकाणी ते चुकले, असं मला वाटतं. त्याकडे आपण येऊच.

आधी औंध काय होतं ते बघू.

किन्हईचे परशुराम त्रिंबक हे या घराण्याचे कर्ते पुरुष. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात त्यांना प्रतिनिधीपद मिळालं आणि घराण्याला तेच नाव चिकटलं. इंग्रजांच्या काळात उरलं ते ७२ गावांचं छोटंसं संस्थान. तेही सलग नव्हतं. थोडं खटावात, थोडं आटपाडीत, थोडं कुंडलकडे. मधेमधे इंग्रजांचा सातारा जिल्हा. आमचं म्हसवड इंग्रजी अमलाखालच्या माण तालुक्यात, आणि शेजारची आटपाडी पंतसरकारांची, असा सगळा प्रकार.

या घरात २४ ऑक्टोबर १८६८ ला भवानरावांचा जन्म झाला. घरचं खाणंपिणं राजेशाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेला हा राजपुत्र चित्रं काढायचा, कीर्तन करायचा. आणि अंगाने चांगलाच गुबगुबीत होता. तालमीची हौस होती, पण वाढत्या पोटापुढे ती पुरी पडत नव्हती.

त्या काळात जगभर एका नावाची हवा होती. युजेन सँडो. मूळचा जर्मन पैलवान, लंडनमध्ये जाऊन स्टार झालेला. आज ज्याला आपण बॉडीबिल्डिंग म्हणतो त्याचा हा आद्यपुरुष. सँडोची डंबेल्स, सँडोची पुस्तकं, सँडोचा कोर्स अशी सगळी सामग्री विकली जायची. भवानरावांनी १८९७ च्या सुमारास ही सामग्री मागवली आणि जवळपास दहा वर्षं तो व्यायाम केला. आता विचार करा, आपण जिमची वर्षाची फी भरून दुसऱ्या महिन्यात गायब होतो. या माणसाने दहा वर्षं नेटाने डंबेल्स उचलली.

आणि मग १९०८ च्या सुमारास सगळं बाजूला ठेवलं.

झालं असं की मिरजेच्या संस्थानिकांशी त्यांचा स्नेह होता. मिरजकर स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालायचे. त्यांच्या सल्ल्यावरून भवानरावांनी नमस्कार धरले आणि ते त्यांना इतके मानवले की पुन्हा डंबेल्सकडे वळून पाहिलं नाही. त्यानंतर आयुष्यभर, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं, त्यांनी हा नेम सांभाळला.

पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, ते गादीवर आले. आणि राजाला जे पटतं ते संस्थानात होतंच.

औंध संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. मुलांना तर होतेच, मुलींनाही. हे शेवटचं लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण त्या काळी व्यायाम म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पुरुष, असं समीकरण होतं. बाईने घाम गाळायचा तो जात्यावर आणि शेतात. पंतसरकारांनी आधी आपल्या घरात सुरुवात केली. राणीसाहेब नमस्कार घालायच्या, मुलं घालायची. दौऱ्यावर गेले की गावातल्या पोरांकडून नमस्कार घालून घ्यायचे, चुका दाखवायचे.

आता इथे थोडं थांबून बघायला पाहिजे की त्यांनी नेमकं काय केलं. राजाने सक्ती केली म्हणून लोकांनी नमस्कार घातले, एवढीच ती गोष्ट नाही. सक्ती तर कितीतरी राजांनी कितीतरी गोष्टींची केली, त्या राजाबरोबर गेल्या.

भवानरावांनी नमस्काराची मांडणी केली. एक नमस्कार म्हणजे दहा स्थिती, प्रत्येक स्थितीत हात कुठे, गुडघा कुठे, श्वास कधी आत आणि कधी बाहेर, हे पक्कं ठरवून दिलं. जागा किती लागते, तर हातपाय टेकतील एवढी. साहित्य काय लागतं, तर काही नाही. वेळ कोणती, तर सकाळची, रोज तीच. सोबत बीजमंत्र मोठ्याने म्हणायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मन तिथेच पाहिजे. शरीर वाकतंय आणि डोक्यात कोर्टकचेरी चाललीय, असा नमस्कार त्यांच्या हिशोबी वाया गेला. इथेच ते सँडोपासून वेगळे होतात. सँडो आरशासमोर उभा राहून एकेका स्नायूकडे लक्ष द्यायला सांगायचा. भवानरावांच्या डोक्यात मात्र पोट, पाठ, छाती, श्वास आणि चित्त हे सगळं एकाच वेळी होतं.

सवय कशी लागते यावर आज मानसशास्त्रात बराच अभ्यास झालाय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास खूप सांगितला जातो. त्यांनी लोकांना रोज एक छोटी गोष्ट ठरावीक प्रसंगाला जोडून करायला सांगितली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते मोजलं. सरासरी आली ६६ दिवस. पण माणसामाणसात फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फार बिघडत नाही, हेही त्यातून दिसलं. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते वगैरे जे रील्समध्ये सांगतात ते विसरा. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, करायला सोपी गोष्ट आणि आजूबाजूला तेच करणारी माणसं, या गोष्टी सवयीला धरून ठेवतात. औंधच्या शाळेत हे सगळं आपोआप जुळून आलेलं होतं.

१९२८ मध्ये भवानरावांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात व्यायामाच्या जोडीला खाण्यापिण्याचेही नियम होते. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले. तिथल्या न्यूज क्रॉनिकल या दैनिकात लुईस मॉर्गन नावाची पत्रकार होती. ती त्यांना भेटली आणि चाटच पडली. वय ६७, पण माणूस बघावा तर तरतरीत. तिने लिहिलं, ते वाचकांना आवडलं आणि १९३८ मध्ये तिनेच संपादित केलेलं त्यांचं पुस्तक लंडनमधून निघालं. त्याचं नाव होतं, द टेन-पॉइंट वे टू हेल्थ. दहा स्थितींवरून टेन-पॉइंट. आज जगभरच्या योगा स्टुडिओत सन सॅल्युटेशन शिकवतात, त्याच्या वाटेवर हे पुस्तक एक मोठा टप्पा आहे. खटाव तालुक्यातल्या एका छोट्या गावचा हा पराक्रम, आणि आपल्याच भागात तो कितीजणांना माहीत असेल, शंका आहे.

बरं, ते जे सांगत होते ते खरं होतं का?

बरंचसं होतं. गंमत अशी की ते सांगत होते तेव्हा त्याला वैद्यकशास्त्राचा ठोस आधारच नव्हता. रोजच्या हालचालीचा आणि हृदयविकाराचा संबंध आकड्यांनी पहिल्यांदा दाखवला तो जेरी मॉरिस या इंग्रज डॉक्टरने, १९५३ मध्ये. त्याने लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर निवडले. घरची परिस्थिती साधारण सारखी, नोकरी एकाच ठिकाणची, फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिन्यावरून वरखाली. कंडक्टर लोकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी निघालं, आणि झाला तरी तो उशिरा आणि सौम्य. हे छापून आलं तेव्हा भवानरावांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आता तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं सांगते. रोजचे वीस-पंचवीस मिनिटांचे नमस्कार या हिशोबात चपखल बसतात.

मंत्रांचं काय? भवानरावांचं म्हणणं होतं की बीजमंत्रांच्या उच्चारातली कंपनं आतल्या एकेका अवयवापर्यंत पोहोचतात आणि त्याला बरं करतात. याला पुरावा नाही. पण २००१ मध्ये इटलीतल्या पाव्हिया इथल्या लुचानो बर्नार्डी यांनी एक प्रयोग केला. त्यांनी २३ जणांना एकदा लॅटिन जपमाळ आणि एकदा तिबेटी मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि त्याचा हृदयाच्या लयीवर चांगला परिणाम दिसला. म्हणजे मंत्र कुठल्या धर्माचा हे शरीराला कळत नाही, पण लयीत आणि सावकाश म्हटला की श्वास संथ होतो, हे कळतं. अर्थात ती माणसं एका जागी बसून म्हणत होती, दंड घालत नव्हती, त्यामुळे हे जसंच्या तसं नमस्काराला लावता येणार नाही. तरी पंतसरकारांना फायदा जाणवत होता तो अगदीच मनाचा खेळ नसावा. कारण चुकीचं असेल, अनुभव खरा असू शकतो.

आता जिथे ते चुकले असं मी सुरुवातीला म्हटलं, तिथे येतो.

भवानरावांचा विश्वास हळूहळू एवढा वाढला की नियमाने नमस्कार घालणाऱ्याला आजार होतच नाही, इथपर्यंत ते पोहोचले. स्वतःचं शरीर हा त्यांचा मुख्य पुरावा. सर्दीखोकल्यापासून मोठ्या दुखण्यांपर्यंत सगळ्यावर तोच उतारा. आजही तुम्हाला अशी माणसं भेटतात. मनाने ठरवलं की कॅन्सर बरा होतो म्हणणारी, बीपीवाल्याला टेन्शन घेऊ नका एवढंच सांगून मोकळी होणारी. ऐकायला छान वाटतं. पण याची दुसरी बाजू अशी, की आजार जर सवयीने टळत असेल तर आजारी पडणं ही आजारी माणसाचीच चूक ठरते. तू नमस्कार चुकवले असशील. तुझं मन कमकुवत असेल. आधीच अंथरुणाला खिळलेल्या माणसावर हा आणखी एक आरोप.

आणि राजाचं शरीर हा पुरावा घ्यायचा म्हटलं तर तो कुणाचा पुरावा आहे तेही बघायला पाहिजे. दूध, तूप, भाज्या, डॉक्टर, पुरेशी झोप हे सगळं ज्याच्या पाठीशी आहे त्याला रोजचे नमस्कार पुढे घेऊन जातात. माणदेशातल्या शेतकऱ्याला दिवसभर वाकायचंच असतं. त्याच्या अंगाला हालचाल कमी पडत नव्हती, ताटात भाकरी कमी पडत होती.

इथे एक पुस्तक आठवल्याशिवाय राहत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी, १९५५ सालची. माडगूळकर आटपाडीजवळच्या माडगूळचे, म्हणजे औंध संस्थानचेच रयत. या कादंबरीत धनगरांच्या छोट्या वाडीत आलेला तरुण मास्तर गावाच्या श्रमातून तालीम बांधून घेतो आणि तिच्यासाठी खुद्द औंधचे राजे वाडीत येतात. व्यायामाचं वेड असलेला राजा म्हणून पंतसरकार मराठी साहित्यात असे कायमचे राहून गेलेत. पण कादंबरी तिथे संपत नाही. पुढे दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जगायला जातात. तालीम असते, तालमीत घुमायला कोणी उरत नाही.

कादंबरी म्हणजे इतिहास नाही हे मान्य. पण आमच्याकडे दुष्काळ म्हणजे काय हे ज्याने पाहिलंय त्याला ते पटवून द्यावं लागत नाही. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दुष्काळी कामातून झाला. उपाशी माणसांनी खोदलेली ती माती आहे. त्यांच्या आजाराचं कारण त्यांच्या मनात किंवा सवयीत शोधणं म्हणजे थट्टाच झाली असती.

पण मग भवानरावांना हे कळत नव्हतं असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध बघितला की चित्र बदलतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगावातून हलवायची वेळ आली तेव्हा त्यांना कुंडलजवळ जागा दिली ती भवानरावांनी. १९१० मध्ये तिथल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याबरोबर घरं आली, शाळा आली, वेळेवर पगार आला. मग १९३९ च्या जानेवारीत त्यांनी असं काही केलं जे संस्थानिक सहसा करत नाहीत. त्यांनी आपली सत्ता लोकांच्या हातात दिली. गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार झाली, गावोगाव पंचायती आल्या. यात त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत पुढे होते आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर होता, जो इथे येऊन भारतानंद झाला.

याच फ्रीडमनच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. गंभीर गुन्ह्यांतले कैदी, पण भिंत नाही, बेड्या नाहीत. त्यांना जमीन कसायला द्यायची, कुटुंब सोबत राहू द्यायचं. व्ही. शांतारामांचा दो आँखें बारह हाथ हा १९५७ चा सिनेमा यावरूनच सुचलेला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर, म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांचे थोरले बंधू. स्वतंत्रपूर ही खुली वसाहत म्हणून आजही आहे.

मला वाटतं, नमस्कार आणि स्वतंत्रपूर एकमेकांशेजारी ठेवून बघायला पाहिजेत. नमस्कारांच्या बाबतीत राजा माणसाला सांगत होता की तू बदल, म्हणजे सगळं ठीक होईल. स्वतंत्रपुरात कैद्याला बदल असं नुसतं सांगितलं नाही. आधी त्याच्या भोवतीची परिस्थिती बदलली. रान दिलं, बायकामुलं जवळ आणली, विश्वास टाकला. आरोग्याच्या क्षेत्रातली माणसं आज हेच सांगतात की सवयी एकट्याच्या इच्छाशक्तीवर टिकत नाहीत, घर, काम, पैसा, पाणी, सोबत यावर टिकतात. एकाच राजाने दोन्ही गोष्टी केल्या, फक्त दुसरीचा धडा त्यांनी पहिलीला कधी लावला नाही.

८ मार्च १९४८ ला औंध संस्थान भारतात विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ ला भवानराव गेले, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. आप्पासाहेब पंत पुढे भारताचे नामवंत राजदूत झाले. वडिलांचा नेम त्यांनी सांभाळला आणि १९७० मध्ये सूर्यनमस्कारांवर स्वतःचं छोटं पुस्तकही लिहिलं.

औंधला गेलात तर यमाईच्या डोंगरावर भवानरावांनी उभारलेलं श्री भवानी संग्रहालय नक्की बघा. १९३८ सालचं आहे. आत रवी वर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. मी गेलो तेव्हा गाडी खाली लावून हौसेने पायऱ्या चढायला घेतल्या. संग्रहालयाच्या दारात पोहोचेपर्यंत असा दम लागला की आत जाण्याआधी पाच मिनिटं बाहेरच बसून राहिलो.